वाटली डाळ आणि तळ्यातले मासे

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये मराठी घरं मोजकीच, पण मानापमान पुण्याइतकेच. विसर्जनाची वाटली डाळ कोणी करायची, हे गणेश मंडळाच्या अध्यक्षांच्या पत्नी ठरवत. त्या वर्षी तो मान माझ्याकडे आला. अध्यक्ष म्हणजे कारखान्यातले माझ्या नवऱ्याचे साहेब, त्यामुळे डाळीची काळजी माझ्यापेक्षा त्यालाच जास्त. "मीठ बघ हं," असं त्याने इतक्यांदा सांगितलं की शेवटी मी त्यालाच चाखायला बसवलं.

विसर्जन क्लबमागच्या छोट्या तळ्यात होई. दीड दिवसाचे, गौरींबरोबरचे, सगळे गणपती तिथेच आणि सगळं निर्माल्यही तिथेच. अनंत चतुर्दशीपर्यंत पाणी काळपट होऊन वास मारायला लागलं होतं. आरती संपली, तर काठाशी मासेच मासे, तोंडं वर काढून उघडमीट करणारे.

"बघा, बाप्पाला निरोप द्यायला आलेत," अध्यक्ष म्हणाले. झालं. जो तो द्रोणातली डाळ त्यांच्यापुढे टाकू लागला.

मी टाउनशिपच्याच शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. कल्ले किती भराभर हलताहेत, ते मला दिसत होतं. "भूक नाहीये त्यांना," मी म्हणाले. "फुलं कुजली की पाण्यातला प्राणवायू संपतो. मासे आधी जोरजोरात कल्ले हलवतात, तेवढ्याने भागेना की वर येतात. अगदी वरच्या पाण्यात थोडा प्राणवायू उरलेला असतो, तो ओढून घेताहेत. गुदमरताहेत ते. डाळ टाकू नका, तीही कुजेल."

गॅसकांडानंतरच्या भोपाळात गुदमरणं हा शब्द चारचौघांत कोणी काढत नसे. डाळ टाकणारे हात थांबले. मग अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, आज शाळेला सुट्टी आहे ना?"

सगळे हसले. माझा नवरा सगळ्यात मोठ्याने हसला. मला इतकी लाज वाटली की मंडळाचं रिकामं पातेलं उचलून मी एकटीच घरी निघाले.

सकाळी तळ्यावर मेलेले मासे तरंगत होते. दुपारपर्यंत निकालही लागला: माशांना डाळ बाधली. निर्माल्याचं नाव कोणी काढलं नाही, ते सगळ्यांच्याच घरचं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. शेजारच्या भाभींनी जिन्यात हळूच विचारलं, "दाल रात की बनी थी क्या, भाभीजी?" मी नाही म्हणाले, आणि म्हणताना माझीच मान खाली गेली. त्याचा मला अजून राग येतो.

संध्याकाळी दुसरीतल्या लेकीने विचारलं, "आई, मासे तुझ्या डाळीने मेले?"

तिला मांडीवर घेऊन मी सगळं समजावलं, गालांशी हात हलवून कल्लेसुद्धा करून दाखवले. तिने मन लावून ऐकलं आणि बाबाकडे वळली. "बाबा, खरंच असं झालं?"

आम्ही दोघी वाट बघत होतो. त्याने पेपर खाली घेतला नाही.

"जाऊ दे ना बाळा," तो म्हणाला. "आईने काय मुद्दाम केलंय का?"

लेक मांडीवरून उठली. मी स्वयंपाकघरात गेले. मंडळाचं पातेलं ओट्यावर घासूनपुसून पालथं घातलेलं होतं. ते उचललं आणि पुन्हा घासायला घेतलं.