जपानी पावणं आणि तीन समुद्र

आम्ही जुनी मंडळी भेटलो, की जपानी पाहुण्यांचे किस्से निघतात आणि हातातला चहा गार होतो! ऐंशी सालाच्या आसपास बेळगावात आमचं छोटं ट्रॅव्हल ऑफिस होतं. मालक निपाणीचे आप्पा, ड्रायव्हर गुंडूअण्णा आणि इंग्रजी बोलायला मी. गोवा, कारवार, मालवण, तिन्हीकडे पाहुणे न्यायचो. आप्पांचा एकच ध्यास, "ह्येंना लई आवडतंय कुठलं, त्ये काढून आण!"

काढणार कसं? पहिले पाहुणे गोव्याहून परतले. समुद्र? "व्हेरी गुड." वाळू? "व्हेरी गुड." वाटेत टायर दोनदा पंक्चर झालं, ते? "व्हेरी गुड!"

गुंडूअण्णा म्हणाला, "आप्पा, ह्येंना वंगाळ म्हणायलाच येत न्हाय वो!"

*

मालवणला सकाळी सहाला निघायचं होतं. गुंडूअण्णा दहा मिनिटं उशिरा पोचला, तर पाहुणे बॅग घेऊन दारात उभे! त्याला लई लाज वाटली. दुसऱ्या दिवशी परत निघताना तो साडेपाचलाच हजर. पाहुण्यांनी खिडकीतून गाडी बघितली आणि अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आले, "सॉरी, सॉरी!"

*

कारवारला एक बाई पाण्यात उतरल्याच नाहीत. कोळणींबरोबर दिवसभर किनाऱ्यावरनं रापणीचं जाळं ओढत बसल्या. एका कोळणीनं हक्काचा वाटा म्हणून दोन बांगडे पुढं केले. बाई वाकल्या. कोळीणही वाकली. बाई आणखी वाकल्या. तेवढ्यात कावळ्यानं एक बांगडा नेला!

*

एकदा एक मुलगी आईला घेऊन आली. वडील गेल्यापासून आई हसलीच नव्हती, समुद्र बघून तरी खुलेल म्हणून एवढी धडपड. गोव्याला जाताना वाटेत जंगलातल्या लोंढा गावात गाडी बंद पडली. पार्ट बेळगावहून यायचा, म्हणजे दिवस गेला! मुलगी रडकुंडीला आली. गुंडूअण्णानं दोघींना तिथंच राहणाऱ्या आपल्या आक्काकडं नेलं.

आक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. मुलीची म्हातारी आई शेजारी बसली, पीठ घेतलं, थापलं. भाकरीचे तीन तुकडे! आक्का म्हणाली, "अगं माझे बाई, किती मारशील तिला!" आणि खो खो हसत सुटली. म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं आणि तीही हसायला लागली, थांबेचना. मुलगी तोंड फिरवून डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी गोव्याला नेलं. दोन दिवस समुद्र दाखवला. बेळगावातून निघताना आप्पांनी कार्ड पुढं केलं, सगळ्यात आवडलेला बीच कुठला? म्हातारीनं सांगितलं, मुलीनं लिहिलं.

आप्पांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "लोंढा? गुंड्या, लोंढ्याला समुद्र कवा आलता रं?"

गुंडूअण्णा काच पुसत म्हणाला, "आलता वो आप्पा. येक दिस."