झाकलेला चांगला डोळा

आत्या औशाच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि हुशार मुलींना कधीच प्रश्न विचारायची नाही. "तिला येतंय की. तिला विचारून मी काय शिकवलं?" म्हणत ती शेवटच्या बाकाकडे वळायची. त्या बाकावरच्या मुली तिला जाम घाबरत. पण पास होत.

मी सात वर्षांची असताना तिची नजर माझ्यावर पडली. माझा डावा डोळा आळशी होता. बाकीची मीही फार वेगळी नव्हते. आईनं महिनाभर त्याच डोळ्यावर कापूस बांधून त्याला विश्रांती दिली होती. आत्यानं मला लातूरला नेलं. लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं, डोळ्यांचे डॉक्टर आले होते. त्यांनी चष्मा दिला आणि उजवा, चांगला डोळा झाकायला सांगितला.

"चांगला डोळा झाकून पोरीला आंधळी करताय काय, वन्सं?" आई म्हणाली.

"डोळ्याला काय झालं न्हाई, वहिनी. मेंदूनं त्याचं ऐकणं सोडलंय. या वयात मेंदूतले धागे जुळत असतात. ज्या डोळ्याकडून खबर येते, त्याचेच पक्के होतात."

मग चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवून आत्यानं मला डाळ निवडायला बसवलं. घरच्यांनी तीन महिने खडे खाल्ले, कुणी नावं ठेवली नाहीत. पण दुष्काळाचं वर्ष; टँकरमागे रांग लावून आणलेली कळशी मी रांजणाच्या शेजारी, थेट जमिनीवर ओतली, तेव्हा आईनं पट्टी उपटूनच काढली.

आत्यानं ती उचलून परत चिकटवली. "पाणी परवा येईल टँकरनं. पोरीचं हे वय परत यायचं न्हाई."

आई पदरानं जमीन टिपत राहिली. पट्टीला मात्र तिनं पुन्हा हात लावला नाही.

आत्या आता वारली, आणि मला आठवते ती पट्टी लागल्यानंतर वर्षानं लातूरला झालेली तपासणी. तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ मी डाव्या डोळ्यानं वाचली. शेजारी आत्यानं स्वतःचा उजवा डोळा तळव्यानं झाकला आणि तक्त्याकडे पाहत राहिली.

"वाच की आत्या."

"मला डाव्यानं वरचं मोठं अक्षरबी दिसत न्हाई. बाराव्या वर्षी दाखवलं मला. उशीर झाल्ता." औशाची बस चुकल्याचं सांगावं, तसं तिनं सांगितलं.

बस मिळाली. खिडकीची जागा तिनं मला दिली. मी उजव्या डोळ्यावर हात धरून रस्त्यावरच्या पाट्या वाचत होते आणि प्रत्येक पाटीनंतर ती म्हणत होती, "हं, फुडची?"