दादाचा रोखलेला श्वास

दादा गेल्याचा फोन इंदापूरला आला आणि मी पिंपळीला माहेरी पोचले, तर दारात भेटेल तो एकच विचारत होता, "हार्टच ना?" सव्वा महिना झाला, अजून विचारतात. नाही हो! कावीळ झाली, पोटात उतरली... माझ्या भावाचं हृदय शेवटपर्यंत चोख चाललं. उगाच त्याला बोल लावू नका.

हृदयाचा झटका आला होता तो दोन हजार तीनच्या सुमारास. तोवर दादा म्हणजे पंचक्रोशीतला बुडी मारणारा. मोटारीच्या पाइपाच्या खालच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह विहिरीच्या गाळात रुतला की पार काटेवाडीची माणसं त्याला न्यायला यायची. तळाशी जाऊन तो मोकळा करूनच वर यायचा. झटक्यानंतर डॉक्टर म्हणाले, "निम्मं हृदय निकामी दिसतंय. स्नायू मेला असेल तर बायपासचा उपयोग नाही." घरच्यांनी ओसरीवर खाट टाकली अन् दादा जिताजागता असताना लोक येऊन डोळे पुसायला लागले. माझं डोकंच फिरलं. डॉक्टरांना म्हटलं, "मेलाय, हे बघितलंय कुणी?" ते बिचारे चिडले नाहीत. म्हणाले, "बघायची सोय मुंबईत नुकतीच निघालीय. हृदयाचा एमआरआय."

दादाला घेऊन मी मुंबई गाठली. शिरेतून एक औषध सोडतात. मेलेल्या स्नायूत ते रेंगाळतं आणि तेवढा भाग फोटोत पांढरा उमटतो. पण प्रत्येक फोटोला श्वास रोखायचा, नाहीतर सगळं पुसट. तिथल्या बाईंनी विचारलं, "काका, झेपेल का?"

"बाई, हिरीच्या तळाला कोण श्वास घेतं व्हय? तुमी सांगा, मी रोखतो."

मी काचेआड दात आवळून उभी. चित्रं लख्ख आली. पांढरी कड होती, पण पातळ. बाकीचा स्नायू रक्तावाचून नुसता मलूल पडलेला, जिवंत! बायपास झाला. ओसरीवरची खाट पुढं दादानंच गोठ्यात नेऊन टाकली आणि तो त्यानंतर वीसेक वर्षं जगला. बुडी मात्र मी बंद करवली. मग काठावर बसून बुडी मारणाऱ्यांना शिव्या घालायचा.

त्या फोटोंची फिल्म त्यानं पत्र्याच्या पेटीत जपली होती. आल्यागेल्याला दारात उजेडाला धरून दाखवायचा, "ही पांढरी रेघ तेवढी गेली. बाकी समदं जितं हाय. बगा!"

परवा एक पाहुणे पुन्हा तेच म्हणाले, "हृदय कमजोरच होतं म्हणा..." मी उठले, पेटी उघडली आणि फिल्म त्यांच्या नाकासमोर उजेडात धरली. "बघा." त्यावरचं एकेक चित्र म्हणजे दादाचा एकेक रोखलेला श्वास... त्यांचं बघून होईपर्यंत मीही माझा सोडला नाही.