नळाच्या दिवशी नावेत

रविवारी आमच्या सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा नावेत बसल्या. वय वर्षं सदुसष्ट. आणि मी त्यांना तिथे नेलं ते चक्क खोटं बोलून...

अकोल्याच्या लोकांना वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे नळ रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतो. त्याला आमच्या गल्लीत 'नळाचा दिवस' म्हणतात, आणि त्या दिवशी घरातलं एक माणूस घराला बांधलेलं असतं. आमच्याकडे ते माणूस म्हणजे आई, माझ्या सासूबाई.

शेगाव असो, चिखलदरा असो, भाच्याचं लग्न असो... आई मागे. "तुमी या जाऊन, मले नाही फिरायचा शौक," म्हणायच्या. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, मीही ते खरंच मानून चालले होते.

दिवाळीनंतर आमच्या ह्यांनी महानच्या धरणावर जायचं काढलं. बार्शीटाकळीच्या पुढे, फार लांब नाही, आणि बोटिंग आहे म्हणे. या वेळी आईंना न्यायचंच, असं मी ठरवलं. अन् बघा नशीब... रविवार नेमका नळाचा निघाला.

मग मी डोकं चालवलं. आई पूजेत असताना समोरच्या शबानाआपांना घराची किल्ली दिली, पाणी तेवढं भरून ठेवा म्हटलं. आणि आईंना सांगितलं, नळ सोमवारी येणार आहे.

आता यातली खरी गोम सांगते. आई आणि आपा एरवी सख्ख्या बहिणींसारख्या, पण नळाच्या दिवशी एकमेकींचं तोंड पाहत नाहीत. दोघींकडे नळाचं पाणी ओढणारा टिल्लू पंप. हिने लावला की तिची धार बारीक, तिने लावला की हिची... मग पहिले कोण भरणार यावरून जे काही चालतं, ते अख्खी गल्ली ऐकते. आपलं पाणी आज आपांच्या हाती आहे हे आईंना कळलं असतं, तर माझी काही धडगत नव्हती.

पण महानला पोचलो, आणि जागा काय सुंदर आहे म्हणून सांगू. जंगल थेट काठापर्यंत उतरलेलं, मध्ये निळंशार पाणी आणि त्यावर बदकांचे थवेच्या थवे. आपल्याच जिल्ह्यात हे असताना आपण घरी बसून केरळच्या हाऊसबोटींचे रील बघतो, याची मला खरंच लाज वाटली.

नाव वल्हवणारे सुखदेवभाऊ, तिथलेच भोई. त्यांनी आमच्या चपला काठावर काढायला लावल्या, आणि नाव सोडण्याआधी पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला. आईंना हा माणूस तिथेच पटला. साडीवर नारिंगी लाइफ जॅकेट चढवून त्या मधल्या फळीवर बसल्या, दोन्ही हातांनी नावेचा काठ घट्ट धरून.

वाटलं, आता घाबरून परत चला म्हणतील. पण वल्ह्याचा आवाज तेवढा, बाकी सगळं शांत... हळूहळू एक हात सुटला आणि पाण्यात गेला.

"हे पाणी जाते कुठं?" त्यांनी विचारलं.

"अकोल्याले, मावशी," सुखदेवभाऊ म्हणाले. "हेच तुमच्या नळाले येते."

आईंनी मान वळवून सगळं धरण बघून घेतलं. "एवढं आहे, तं मंग रोज काहून येत नाही?"

"ते मले नका विचारू, मावशी. मी नाव चालवतो."

आम्ही हसत होतो, तेवढ्यात आईंचा मोबाइल वाजला. आई फोन नेहमी स्पीकरवर घेतात. "विमलताई, नळ आला ना," आपांचा आवाज, अख्ख्या धरणाला ऐकू जाईल असा. "पण तुमचं पाणी गाळायचं फडकं सापडून नाही राहिलं. कुठं ठेवलं?"

आईंना काही कळू देऊ नका, हे आपांना सांगायचं राहूनच गेलं होतं. ह्यांनी तर लगेच मान फिरवली आणि बदकं बघायला लागले... असा आमचा आधार. आईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, पण बावीस वर्षांत तसं कधी पाहिलं नव्हतं.

सुखदेवभाऊंनी वल्हं थांबवलं. "काठाले घेऊ का, मावशी?"

आता ही पहिलीवहिली नाव अर्ध्यातून परत फिरणार, आणि यापुढे माझ्या एका शब्दावर आई विश्वास ठेवणार नाहीत... मला रडूच यायचं बाकी होतं.

मग त्या फोनमध्ये म्हणाल्या, "आपा, फडकं देवघराच्या मागं खुंटीले आहे. पण घाई नाही. पयले तुमचं सारं भरून घ्या, मंग माह्यं. मी आज पाण्यातच बसून राहिली."

आपांनी काळजीने विचारलं, "ताई, तब्येत ठीक आहे ना तुमची?"

फोन ठेवून आई सुखदेवभाऊंना म्हणाल्या, "त्या टेकडीपर्यंत ने बापा." टेकडीपाशी पोचल्यावर माझ्याकडे न बघताच बोलल्या, "खोटं बोला नव्हतं लागत, पोरी. तुमी चाला, नळाचं आमी पाहतो, एवढं कोणी म्हटलं असतं तं मी कवाचीच आली असती."

त्या शौक नाही म्हणायच्या. आम्हाला ते सोयीचं होतं, म्हणून आम्हाला पटायचं. आमची प्रत्येक सहल चालू असताना घरी एक बाई पाइप धरून उभी होती, आणि मी तिचे साधे आभारही मानले नाहीत... आज इथे सगळ्यांसमोर मानते.

पुढच्या नळाच्या दिवशी आई आणि आपा, दोघी महानला जाणार आहेत. सुखदेवभाऊंना सांगून ठेवलंय. दोन्ही घरचं पाणी मी भरणार आहे.