येऊन राहिली

मी पोटासाठी इंग्रजी शिकवते आणि हौसेसाठी मराठी लिहिते. दोन्ही कामं गेली कित्येक वर्षं व्हिएतनाममध्ये, हनोईत चालली आहेत. त्याआधी मी जबलपूरहून रोज बसने शहपुऱ्याच्या एका शाळेत शिकवायला जायचे. तिथली नववीची मुलं म्हणायची, "मैडम जी, इंग्लिश हिंदी में पढ़ाइए ना." हनोईतल्या मुलांना हिंदी येत नाही, एवढ्या एकाच कारणाने मी तिथे चांगली शिक्षिका ठरले.

इंग्रजीतला चालू वर्तमानकाळ शिकवताना मला घरची, जबलपूरची मराठी फार बरी वाटते. पुण्या-मुंबईकडचे लोक 'जेवते', 'जेवतेय', 'जेवत आहे' करत बसतात. आमच्याकडे सरळ 'जेवून राहिली'. म्हणजे घास तोंडात आहे, नंतर बोला.

मागच्या वर्षी माझ्या लेखांचं पुस्तक काढायला पुण्यातले एक प्रकाशक तयार झाले. त्यातले निम्मे लेख आईवर आहेत. ती जबलपूरच्या विजय नगरात एकटी राहते आणि तिला माणसं कमी पडत नाहीत. एक लेख आमच्या फोनवरच्या बोलण्याचा. मी दरवर्षी विचारते, "आई, हनोईला कधी येतेस?" ती दरवर्षी सांगते, "येऊन राहिली ना!" आणि येत नाही. कधी गुडघा, कधी भाडेकरू, कधी "तिथे बेडूक खातात म्हणे."

सुट्टीत मी जबलपूरला असताना प्रकाशकांकडच्या संपादिकाबाईंनी तपासलेला मजकूर मेलवर आला. मी तो चौकातल्या दुकानातून छापून आणला. दुकानदार म्हणाला, "दीदी, किताब में हमारी दुकान का नाम भी डाल दीजिए." मी घरी पोचून चप्पल काढेपर्यंत आईने चष्मा लावून कागद ताब्यात घेतले होते.

मी तिच्या खांद्यावरून वाचलं आणि डोकं फिरलं. बाईंनी आईच्या तोंडचं एकेक 'राहिली' आणि 'का'च्या जागचं 'काहून' वेचून काढलं होतं. पुस्तकातली आई म्हणत होती, "अगं, मी स्वयंपाक करतेय." माझ्या आईने जन्मात असं वाक्य उच्चारलेलं नाही. ही कुणातरी दुसरीचीच आई होती. मी तिथल्या तिथे नकार कळवणार होते, पण आई भलतीच खुशीत होती.

"किती सभ्य बोलून राहिली गं मी यात!"

"आई, हे तुझं बोलणं नाही."

"म्हणूनच तर चांगलं आहे. तुझ्या लिहिण्यात मी नुसती भांडून राहिली असं वाटे. राहू दे असंच."

ज्या बाईवर निम्मं पुस्तक आहे तीच राहू दे म्हणाली, तर संपादिकेशी मी कोणत्या तोंडाने भांडणार? मी वाद घातला नाही. चहा ठेवला आणि फोनवरचा लेख काढून तिच्या हातात दिला. तो मी चहा उकळेपर्यंत चाळला होता.

कप अर्धा झाला नाही तोच आवाज चढला. "हे काय? 'आई हनोईला आमच्याकडे येऊन राहिली. त्या मुक्कामात घर कसं भरून गेलं.' मी कधी गेली? माझा पासपोर्ट तरी आहे का?"

"पुण्याच्या बाईंना तसं वाटलं."

"काहून वाटलं? लाव फोन."

मी तत्परतेने लावला आणि स्पीकर चालू केला.

"काकू, मूळ वाक्यच तसं होतं हो," संपादिकाबाई गोड आवाजात म्हणाल्या. "'येऊन राहिली ना!' ही एकच 'राहिली' मला शुद्ध वाटली, म्हणजे तुम्ही आलात आणि राहिलात ना?"

"नाही हो बाई! येऊन राहिली म्हणजे अजून आलीच नाही!"

पलीकडे बाई इतक्या हसल्या की फोन हातातून पडल्याचा आवाज आला. "काकू, मग बाकीच्या सगळ्या 'राहिली' मी काढल्या, त्यांचं काय करू?"

"त्या परत ठेवा. नाहीतर उद्या मी जेवून राहिली असेन आणि तुम्ही माझं ताट उचलून न्याल."

मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर धरला. बाहेर आल्यावर ऐकू आलं, "फक्त हनोईचं ते एक वाक्य तुमचंच असू द्या. मुक्काम छान लिहिला तुम्ही."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "आई, पण ते खोटं आहे."

"पुस्तक कधी येऊन राहिलं?"

"चार-सहा महिने लागतील."

"मग तोवर खरं होऊन जाते ना!" तिने चष्मा काढला, डाव्या-उजव्या बाजूने चेहरा मला दाखवला. "पासपोर्टचा फोटो चष्म्यात काढतात की बिनचष्म्याचा?"