ट्रकच्या पोटाला गुळाचा लेप

सांगलीत बर्फ पडत नाही, हे मला मान्य आहे. तरीसुद्धा गेल्या थंडीत आमचा ट्रक बर्फापासून वाचवायचं काम मी अंगावर घेतलं आणि त्यापायी घरच्या अंगणात ट्रकखाली उताणा पडून राहिलो. हा विषय निघाला की घरातली माणसं एकमेकांकडे बघतात आणि मी पेपर उघडतो.

आमचं गुळाचं आणि हळदीचं पिढीजात दुकान. मागे गोदाम, गोदामापुढे अंगण, अंगणात कडुनिंब आणि कडुनिंबाखाली ट्रक. एरवी हा ट्रक कडेगाव, शिराळा, फार तर कोल्हापूर, एवढंच हिंडतो. पण त्या थंडीत श्रीनगरच्या एका व्यापाऱ्याची गूळ-हळदीची मागणी आली आणि मी जाहीर करून टाकलं की ट्रकबरोबर मीही जाणार. धंद्याचं कारण काही नव्हतं. मला बर्फ बघायचा होता. पन्नाशी उलटली, आणि आजवर बर्फ पाहिला तो फक्त उसाच्या रसातला. तो वरून येताना आवाज होतो का, अंगावर आला तर लागतो का, त्याला वास असतो का, हे मला शाळेत असल्यापासून जाणून घ्यायचं होतं. (शाळेत तेवढंच जाणून घ्यायचं होतं, असं माझी बायको सुनंदा म्हणते.)

आमचा ड्रायव्हर सिधू म्हसवडचा. आधी फौजेत ट्रक चालवायचा, त्यामुळे बर्फ त्याच्या ओळखीचा. मी रोज त्याचं डोकं खात होतो.

"आण्णा, बर्फाचं काय घिऊन बसलाय? मिठाचं बघा," तो एकदा म्हणाला.

"कसलं मीठ?"

"रस्त्यावर टाकत्यात की. मीठ पडलं की बर्फ इरघळतो, गाडी घसरत न्हाई. पर त्ये खारं पानी खालनं उडतंय आन लोखंड खातंय. आमची एक गाडी हुती. वरनं नवरीगत, खालनं पार चाळण."

"मग तुम्ही काय करायचा?"

"खालनं काळं कोटिंग मारायचो. हितं गॅरेजात बी मिळतंय. उद्या जाऊन मारून आणतो."

शहाण्या माणसानं "आण" म्हणून चहा मागवला असता. पण माझ्या डोक्यात किडा वळवळला. आपले साताऱ्याकडचे किल्ले कशात बांधले? चुना, गूळ आणि हिरडा. शेकडो पावसाळे अंगावर घेऊन भिंती उभ्या आहेत. जो मसाला दगडाला पाण्यापासून वाचवतो, तो लोखंडाला वाचवणार नाही? आणि गूळ तर घरचाच.

"आवं, दगूड येगळा, लोखंड येगळं," सिधू म्हणाला.

"तू फक्त गाडी चालव," मी म्हणालो.

शुक्रवारी सकाळी निघायचं होतं. बुधवारी मी अंगणात काहील ठेवली, हिरडा उकळला, चुना मळला, गूळ टाकला. चुना किती आणि गूळ किती, हे कुणाला ठाऊक नव्हतं. चुना विकत आणायचा होता आणि गूळ हाताशी होता, त्यामुळे प्रमाण आपोआप ठरलं. (चुना चिमूटभर आणि गूळ ढेपांनी, असं सुनंदा सांगते. ती जरा वाढवून सांगते, पण फार नाही.) मग गोणपाट अंथरून मी ट्रकखाली शिरलो आणि चासी, एक्सल, स्प्रिंगचे पाटे, सगळ्यांना ब्रशनं लेप दिला. वास इतका छान सुटला होता की मी बोट चाटून बघितलं. किल्ला चांगला लागत होता.

गुरुवारी माल भरला. माझी नवी कानटोपी, हातमोजे, दोन स्वेटर केबिनमध्ये गेले. शेजाऱ्यांना मी उगाचच श्रीनगरचं हवामान सांगत होतो.

शुक्रवारी सकाळी आई देवदर्शनाहून आली आणि फाटकातच थांबली. आईनं उभ्या जन्मात मुंगी मारलेली नाही. आमच्या घरात दिवस बुडायच्या आत जेवण उरकतं, पाणी गाळून पितात आणि चालताना खाली बघून चालतात. त्या दिवशी आईनं खाली बघितलं.

"बाळू," ती म्हणाली, "ही ओळ कुठनं आली रं?"

फाटकाच्या कोपऱ्यातून मुंग्यांची जाड काळी ओळ निघाली होती. दुसरी कडुनिंबावरून उतरली होती, तिसरी शेजारच्यांच्या भिंतीवरून आली होती. तिन्ही ओळी चाकांवरून चढून ट्रकच्या पोटात शिरत होत्या. वाकून बघितलं तर चासी दिसेचना. सगळं खालचं अंग हलत होतं.

सिधूनं तोंडावर रुमाल धरला. तो हसतोय हे त्याच्या खांद्यांवरून कळत होतं.

"चालू करू का, आण्णा? वाऱ्यानं जात्याली उडून."

"खबरदार," आई म्हणाली. "एक चाक हललं तर हजारो जीव जात्याल. गाडी जागची हलणार न्हाई."

"अगं आई, श्रीनगरचा माणूस वाट बघतोय!"

"त्याला वाट बघता येती. ह्यांना चाकाखालनं पळता येतंय व्हय?"

मी सुचवलं की पलीकडे साखर टाकू, म्हणजे मुंग्या आपणहून तिकडं जातील. कडुनिंबाच्या बुंध्याशी साखर टाकली. ट्रकातली एकही मुंगी खाली आली नाही, पण साखरेच्या वासानं गल्लीतल्या उरलेल्या मुंग्या आल्या. साखर संपवून त्याही ट्रकात गेल्या.

मग आईनं मऊ कुंचली आणून माझ्या हातात दिली. जीव न दुखवता बाजूला सारायचे, कागदावर घ्यायचे आणि झाडाखाली नेऊन सोडायचे. मी पुन्हा गोणपाटावर उताणा. वरून मुंग्या माझ्या मानेवर, कानात, बनियनमध्ये. एक कागद भरून झाडाशी नेऊन सोडावा, तर मी परत येईपर्यंत त्या माझ्या आधी ट्रकाशी हजर.

"फौजेत सुरुंग काढत्यात तसं चाललंय," सिधू उकिडवा बसून म्हणाला. "फकस्त सुरुंग परत येत न्हाईत."

दुपारपर्यंत श्रीनगरहून फोनावर फोन यायला लागले. शेवटी माल उतरवून भाड्याच्या ट्रकात भरायचं ठरलं. रस्ता सिधूला ठाऊक, तेव्हा तो जाणारच. मी माझी कानटोपी काढून त्या ट्रकाच्या केबिनमध्ये ठेवायला निघालो.

"तू कुठं?" आईनं विचारलं.

"श्रीनगरला."

"आन ह्या?" तिनं ट्रकाकडे बोट केलं. "तू बोलावलंस म्हणून आल्या. पाव्हणे घरात ठेवून कुणी गावाला जातंय व्हय?"

मी सुनंदाकडे आशेनं बघितलं. तिनं माझ्या हातातली कानटोपी काढून घेतली आणि सिधूला दिली. भाड्याचा ट्रक कोपऱ्यावरून वळला तेव्हा मला खरंच रडू आलं. मुंग्या चावल्यात म्हणून डोळे चोळतोय, असं मी सांगितलं.

पुढचे दिवस मी कुंचली घेऊन अंगणातच. रोज दोन प्रश्न मनात यायचे. एक, आज तिकडं बर्फ पडला असेल का? आणि दुसरा, एवढीशी मुंगी एवढा गूळ खाऊन ठेवते कुठं? दुसऱ्याचं उत्तर समोर चाललं होतं. शेवटच्या मुंगीनं शेवटचा कण उचलला तेव्हा ट्रकचं पोट लखलखीत झालं होतं आणि आधीचे गंजाचे डाग तेवढे तसेच शाबूत होते.

सिधू परतला तो एका संध्याकाळी, दिवे लागल्यावर. माझी कानटोपी त्याच्या डोक्यावर होती. त्यानं पिशवीतून पाण्याची बाटली काढली.

"आण्णा, तुमच्यासाठनं बर्फ आणला. रस्त्याच्या कडंचा. वाटंत इरघळला."

बाटलीत गढूळ पाणी होतं. मी ती उजेडात धरून बघितली, कानाशी हलवून बघितली, वास घेतला. मग राहवलं नाही. बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारट!" मी ओरडलो. "आई, खारट आहे! मीठ टाकतात म्हणजे टाकतातच. माझं बरोबर होतं."

"दिवस बुडाल्यावर तोंडात काय घातलंस?" आई आतून म्हणाली.

सुनंदानं बाटली माझ्या हातातून घेतली. "काश्मीरच्या रस्त्यावर मीठ असतं, हे तुम्हाला सांगलीत बसून कळलं," ती म्हणाली. "गुळाला मुंग्या लागतात, हे गुळाच्या दुकानात जन्म काढून कळलं नाही."

ती बाटली अजून दुकानात गुळाच्या ढेपांशेजारी ठेवली आहे. मी रोज बघतो. ढेपांवर मुंग्या असतात, बाटलीला एकही लागत नाही. तेव्हा पुढच्या खेपेला ट्रकला खालून मीठच लावावं, असा माझा विचार आहे. अजून घरी बोललेलो नाही.