सहा दिवसांचं काम दोन दिवसांत

आज सकाळी बाबा गेले. त्यांनी शोधून काढलेलं आता कुणालाच नको आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझे बाबा मेटलर्जिस्ट. जन्म कोलकात्यातल्या बागबाजारचा. सगळी नोकरी बराकपूरकडच्या एका फाउंड्रीत.

तिथे पाइपांचे जोड ओतायचे. नुसतं ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, काचेसारखं ठिसूळ, हातोडा लागला की तुकडे. ते चिवट व्हायला सहा दिवस भट्टीत तापवत ठेवावं लागायचं.

बाबांना सहा दिवस फार वाटायचे.

नऊ वर्षं त्यांनी यात घातली. रविवारसुद्धा. आई आधी चिडायची, मग तिने चिडणंही सोडलं. आमच्या डमडमच्या फ्लॅटमध्ये जेवतानासुद्धा कार्बनचाच विषय.

शेवटी जमलं. पूर्ण तापवण्याआधी माल सात-आठ तास मंद आचेवर ठेवायचा. मग आतला कार्बन एकाच वेळी असंख्य ठिकाणी गाठी धरतो, आणि सहा दिवसांचं काम दोन दिवसांत होतं.

बाबांनी सगळ्यांसमोर एक जोड ऐरणीवर ठेवून ठोकला. वाकला, फुटला नाही. मालकांनी संदेश मिठाई वाटली.

दोनच महिन्यांत निम्म्या भट्ट्या बंद झाल्या. आता तेवढ्या लागतच नव्हत्या.

निमाईदांना घरी बसवलं. भट्टीवरचे सगळ्यात जुने मिस्त्री. बाबांच्या प्रत्येक ट्रायलला तेच उभे असायचे, आचेचा रंग बघून टेंपरेचर सांगायचे.

बाबा मालकांशी भांडले. काही उपयोग झाला नाही. मग ते निमाईदांच्या घरी गेले. मी तेव्हा कॉलेजात होते, मलाही सोबत नेलं.

निमाईदांनी चहा दिला. मुलीच्या लग्नाबद्दल बोलले. आम्ही निघालो तेव्हा शांतपणे बंगालीत म्हणाले,

"सर, तुम्ही चार दिवस वाचवलेत. त्या चार दिवसांत मी होतो."



पुढे गिऱ्हाईकं प्लास्टिककडे वळली आणि फाउंड्रीच बंद पडली. निमाईदा वारल्याचं आम्हाला वर्षभराने कळलं. बाबा परत त्यांच्याकडे गेलेच नव्हते.

मागच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मी म्हटलं, "बाबा, तुमची चूक नव्हती."

त्यांनी विचारलं, "मग कुणाची?"



आत्म्याला शांती लाभो, असं लिहायला बसले होते. लिहवत नाही.

शेवटचा नमस्कार, बाबा.